मोशीतले शेवटचे आठवडे: स्वयंसेवी इंटर्नशिप संपत येते तेव्हा

परदेशात स्वयंसेवी इंटर्नशिपला जाताना काय तयारी करायची, यावर भरपूर लिहिलं गेलंय. लसी, मच्छरदाणी, डॉलर किती न्यायचे हे तुम्हाला एव्हाना पाठ असेल. ती संपत आल्यावर काय करायचं हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीला, एका छोट्या संस्थेच्या बालवाडीत होते. सकाळी मुलांना उजी, म्हणजे मक्याच्या पिठाची पेज, द्यायची, महिन्याला वजन-उंची नोंदवायची आणि दुपारी मोठ्या मुलांचा अभ्यास घ्यायचा, असं काम. त्यामुळे सांगतेय ते तिथलं आहे.

शेवटचे दिवस आनंदात जावेत असं वाटत असेल तर ते मोकळे ठेवावे लागतात, आणि ते आपोआप मोकळे होत नाहीत. परतीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी तुमचं काम दुसऱ्याच्या हातात गेलेलं असलं पाहिजे. 'देऊया शेवटच्या आठवड्यात' हा विचार आजच सोडा.

यातला मोठा सापळा म्हणजे शिक्का. होय, रबरी शिक्का. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझे शेवटचे दिवस त्यानेच खाल्ले. तिथल्या कुठल्याही कार्यालयात 'मुहुरी' म्हणजे शिक्का मारल्याशिवाय कागदाला किंमत नसते. तुमच्या विद्यापीठाला हजेरीपत्रक, पर्यवेक्षकांचा मूल्यमापनाचा फॉर्म आणि पूर्णत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तिन्हींवर सही आणि शिक्का, दोन्ही हवं. सही करायला पर्यवेक्षक रोज असतात, पण शिक्का संचालकांच्या टेबलाच्या खणात असतो, खणाला कुलूप असतं आणि किल्ली संचालकांबरोबर फिरते. छोट्या संस्थांचे संचालक निधीच्या बैठकांसाठी कधी अरुशाला, कधी दार-एस-सलामला गेलेले असतात. दार-एस-सलाम मोशीहून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, बसने अख्खा दिवस जातो. 'उद्या येतील' असं तुम्हाला अगदी प्रेमाने सांगितलं जाईल, आणि सांगणाऱ्याचाही त्यावर विश्वास असेल. मी त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले आणि पलीकडे मुलं उजी पिऊन, वाट्या धुऊन घरीही गेली.

म्हणून संचालकांचं महिन्याचं वेळापत्रक आधी विचारा. फॉर्म छापून, तुमची माहिती भरून तयार ठेवा. मूल्यमापनाला 'शेवटच्या दिवसाची तारीख' लागत असेल तर विद्यापीठाला आधीच मेल करून तीन आठवडे आधीची तारीख चालेल का ते लेखी विचारून घ्या. हजेरीपत्रक आठवड्याच्या आठवड्याला शिक्का मारून घ्या, सगळं साठवू नका. मूळ प्रत तुमच्याकडे, एक प्रत संस्थेच्या फाइलीत आणि फोटो मेलवर. कुणी सुचवेल की बाजारात शिक्के करून मिळतात, सही तर आहेच. हा मार्ग धरू नका. पदवी जाईल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या मुलांसाठी त्या संस्थेचं दार बंद होईल. मागच्या वर्षीच्या इंटर्नचा अहवाल मिळवून नावं बदलणं हेही त्यातलंच. मी असे अहवाल पाहिलेत, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावर कळतं.

दुसरं, सोपवणं. लॅपटॉपवरचा सुंदर तक्ता पेन ड्राइव्हवर देणं म्हणजे काम सोपवणं नव्हे. आमच्याकडे मुलांची वजनं मी संगणकावर भरत होते, पण मी गेल्यावर तो उघडणार कोण? बालवाडीच्या मुख्य शिक्षिकेकडे, म्हणजे आमच्या म्वालिमूंकडे, जाड पुठ्ठ्याची एक वही होती. एका पानावर एक मूल, डावीकडे तारीख, मग वजन, मग उंची, आणि वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं तर शेजारी लाल पेनाने गोल. शेवटी आम्ही सगळं त्या वहीतच आणलं, किस्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत. त्यानंतरचं वजन म्वालिमूंनी घेतलं आणि मी नुसती बाजूला उभी राहिले. काटा शून्यावर आणायचा राहिला तर मला लगेच बोलावंसं वाटायचं, पण गप्प राहिले, आणि पुढच्या मुलाच्या वेळी त्यांच्या ते स्वतःच लक्षात आलं. तुम्ही तिथे असतानाच तुमच्यावाचून काम चाललेलं तुम्हाला दिसलं पाहिजे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट छातीवरचा दगड उतरतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं ठाम मत आहे. परदेशातून तुमचं नियोजन करणारा समन्वयक हा मार्गदर्शक नाही. तो भला असेल, पण त्याला तुमचा रोजचा दिवस दिसत नाही. जी बाई दहा-वीस वर्षं तिथे शिकवतेय, जी पहाटे चूल पेटवून उजीचं पातेलं चढवते, त्यांना विचारा. अहवालाचा मसुदाही आधी त्यांना वाचून दाखवा. माझ्या मसुद्यात 'पालकांची उदासीनता' असं होतं. म्वालिमूंनी विचारलं, कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत आया शाळेत कशा येतील? ते वाक्य मी काढलं, आणि त्या जागी तोडणीचा हंगाम आला.

एवढं आटोपलं की तुमच्या हातात खरोखर मोकळा वेळ येतो. आणि इथेच पुष्कळजण तो घालवतात, सेरेंगेटी, झांझिबार आणि किलिमांजारो हे सगळं एका दमात बसवून. ५,८९५ मीटरचा डोंगर पाच-सहा दिवस खातो आणि खिसा पूर्ण रिकामा करतो. शिखर गाठलं नाही म्हणून तुमची इंटर्नशिप कमी ठरत नाही, हे मनापासून सांगते. मारंगू गेटपासून मंदारा हटपर्यंत, सुमारे २,७०० मीटरवर, एका दिवसात जाऊन येता येतं. वाट दाट जंगलातून आहे, काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतात. झांझिबारला जायचंच असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथलाच ४४ डॉलरचा प्रवास विमा सक्तीचा आहे, तो हिशेबात धरा.

त्यापेक्षा सहकाऱ्याच्या घरी जा. डोंगराच्या उतारावरच्या चग्गा लोकांच्या परसबागा बघण्यासारख्या आहेत. वर केळी, केळीच्या सावलीत कॉफी, खाली अळूच्या जातीतले कंद आणि घेवडा, आणि या सगळ्याला पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या पाटांचं पाणी. पाळी कुणाची, पाट कोण साफ करणार, हे गावात ठरतं. इथल्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ १९३३ सालचा आहे, सहकाराच्या मुलखातून गेलेल्या आपल्याला त्यांच्याशी बोलायला विषय कमी पडत नाही. दुपारी म्तोरी, म्हणजे केळी आणि मांस शिजवून केलेलं दाट सूप, पुढे येतं. मांस खात नसाल तर आधी सांगा, कुणी रागावत नाही.

कितेंगेचा, म्हणजे तिथल्या रंगीत छापील सुती कापडाचा, ड्रेस शिवायचा असेल तर कापड आताच घ्या. शिंपी चांगले आहेत, पण एका फेरीत काम होत नाही. 'सा न्ने'ला, म्हणजे शब्दशः 'चार वाजता', ये म्हणाला तर ते सकाळचे दहा, कारण किस्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, हे तुम्हाला आता सांगायला नको.

आता इशारे. पर्यटक व्हिसावर विनापगारी कामही चालत नाही. स्वयंसेवकांसाठी क्लास सी परवाना असतो, आणि त्याची मुदत व विमानाची तारीख दोन्ही स्वतः तपासा. नैरोबीची सहल ठरवत असाल तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड जवळ हवंच. केनिया भारताच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय मुंबईत उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळी बॅगेत घालू नका. एम-पेसातली, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यातली, शिल्लक काढून संपवा, टांझानियन शिलिंग आपल्याकडे बदलून मिळणं कठीण.

मुलांना तारीख आधी सांगा. दोन आठवडे पुरे. अचानक नाहीसं होऊ नका, त्यांच्या आयुष्यातून माणसं अशी बरीच गेलेली असतात. 'परत येईन' हे तिकीट हातात नसताना म्हणू नका, मुलं ते लक्षात ठेवतात. आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात मी जायची तारीख लिहिली होती, आणि रोज सकाळी 'शिकामू', म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, म्हणून झालं की एक मुलगी ती मोठ्याने वाचायची. पहिले दोन दिवस मला ते ऐकवेना. मग सवय झाली, तिलाही आणि मलाही, आणि निरोपाच्या दिवशी रडारड झाली तरी घाबरगुंडी झाली नाही. चॉकलेटं वाटू नका, त्या पैशांत महिन्याचं मक्याचं पीठ आणून द्या. रडू आलं तर येऊ द्या, त्याने तुम्ही कमी व्यावसायिक ठरत नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात फोन करा, लांबलं की संकोच वाढतो. आमच्या म्वालिमू अजूनही वजनं झाली की वहीच्या पानांचे फोटो पाठवतात, आणि लाल गोलांवर आम्ही बोलतो. तेवढ्यासाठी तिथलं सिम बंद होण्याआधी तुमचा भारतातला नंबर त्यांच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या, आणि त्यावर एकदा मेसेज पोचतो का तेही तिथेच बसून पाहा.