खवले कीड: औषध वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

संत्र्याच्या नाहीतर लिंबाच्या फांदीवर तपकिरी टिकल्या दिसतात. पाय नाहीत, पंख नाहीत, काही हालत नाही. सालीचा रोग समजून लोक बुरशीनाशक फवारतात, आणि पहिला खर्च इथेच पाण्यात जातो. टिकलीखाली खवले कीड बसलेली असते. सोंड झाडात खुपसून रस ओढायचा, एवढाच तिचा उद्योग.

काळी पाने दिसली की लगेच 'कोळशी' म्हणणे

काळ्या माशीमुळे पानांवर धरणाऱ्या काळ्या बुरशीला कोळशी म्हणतात. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात वाढलेल्या माणसाला पान काळे दिसले की काळी माशीच आठवते. ते बहुतेकदा खरेही असते. पण काळी बुरशी चिकट गोड द्रवावर वाढते, आणि तो द्रव मऊ खवले, मावा, पिठ्या ढेकूण असे बरेच जण टाकतात. म्हणून पान उलटून बघा. खालच्या बाजूला काळी, काटेरी, कडेला पांढरी मेणाची झालर असलेली पिल्ले असतील आणि फांदी हलवल्यावर बारीक माश्या उडाल्या, तर काळी माशी. पानाच्या मधल्या शिरेला आणि कोवळ्या फांद्यांना चपटे, गुळगुळीत खवले चिकटलेले असतील, तर मऊ खवले.

पानावर चिकटपणा नाही, मुंगळे नाहीत, तरी फांदी वाळतेय आणि फळावर लालसर गोल ठिपके बसलेत? मग कडक खवले. संत्रावर्गीय झाडांवरचा लाल खवला यातलाच. हा गोड द्रव टाकतच नाही, त्यामुळे 'चिकटा नाही म्हणजे कीड नाही' हा हिशेब इथे चुकतो.

ओळख पटवायला सुई किंवा नख पुरते. कडक खवल्याचे टोपण साधारणपणे अलगद निघते आणि खाली मऊ, पिवळट-लालसर जीव दिसतो. मऊ खवल्याला वेगळे टोपण नसते, ती कीडच तशी असते. उचकटली की चेंगरते.

हा फरक कळला नाही तर औषधही चुकते. मऊ खवले अन्नरस वाहणाऱ्या नलिकेतून पितात, कडक खवले आजूबाजूच्या पेशी रिकाम्या करतात. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषली जाऊन रसातून फिरणारी औषधे मऊ खवल्यांवर बरी चालतात, कडक खवल्यांवर कमी. परसातल्या गोडलिंबावर (कढीपत्त्यावर) मात्र असले काही मारू नका. ती पाने थेट फोडणीत जातात.

टिकली मोठी झाल्यावर फवारणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि कीड कशी वाढते हे माहीत नसल्याने ती होते. मादी पाठीवरच्या आवरणाखाली अंडी घालते. लाल खवला तर थेट पिल्लेच देतो, रोज थोडी थोडी, काही आठवडे. पिल्लू पिवळे, सहा पायांचे, धुळीच्या कणाएवढे असते. काही तास, फार तर एक-दोन दिवस ते हिंडते. वाऱ्याने शेजारच्या झाडावरही जाते. जागा सापडली की सोंड रोवते आणि अंगावर मेण चढवायला लागते. कडक खवल्याची मादी पहिल्याच कातीला पाय गमावते आणि मरेपर्यंत तिथेच राहते. नर पंख फुटून बाहेर पडतो, पण त्याला तोंडच नसते. जोडीदार शोधायचा आणि मरायचे.

म्हणजे फवाऱ्याच्या तडाख्यात ती सापडते ते रांगते पिल्लू असताना. हे दिवस ओळखायला फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा आणि आठवड्याने भिंगातून बघा. टेपवर पिवळे ठिपके वाढू लागले की फवारणी करा. आईच्या पोटाखालची अंडी वाचलेली असतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक हात.

घरच्या झाडाला लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण पुरतो. तेलाने किडीचा श्वास कोंडतो, पण तेल अंगाला लागले तरच. त्यामुळे पानांची खालची बाजू आणि फांदीचे बेचके नीट भिजवा. आणि नवतपाच्या (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) उन्हात तेल मारू नका, पाने भाजतात. नागपुरात एप्रिलपासूनच संध्याकाळ उतरल्यावरच फवारा घ्यावा. गंधक मारलेल्या झाडाला तेल लावण्याआधी काही आठवडे जाऊ द्या.

टिकल्या तशाच दिसतात म्हणून डोस वाढवणे

मेलेला खवला गळून पडत नाही, महिनोन्महिने चिकटून राहतो. नखाने दाबा. रस निघाला तर जिवंत, कोरडी भुकटी निघाली तर काम झाले. टोपणाला गोल भोक दिसले तर आणखी चांगले, आतल्या किडीला बारीक परजीवी गांधीलमाशीने संपवले आहे. अशा झाडावर जहाल औषध मारणे म्हणजे आपल्याच पहारेकऱ्याला हाकलणे. खवले खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तरी हात आवरा. पांढऱ्या, चुणीदार कापसासारख्या अंडीपिशवीच्या खवल्याने कॅलिफोर्नियातल्या संत्राबागा मोडकळीस आणल्या होत्या, तेव्हा 1888 साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यानेच त्या वाचवल्या.

धूळ आणि मुंगळे या मित्रांच्या वाटेत येतात. सिमेंट रस्त्याचे काम दारात चालू असेल तर झाड अधूनमधून पाण्याने धुवा. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावा. गोड द्रवासाठी मुंगळे मऊ खवल्यांची राखण करतात.

छाटलेल्या किडक्या फांद्या बुंध्याशी ढीग करून ठेवू नका. त्यांवरची पिल्ले चालत परत वर चढतात. नर्सरीतून नवे कलम आणले तर बेचके आणि पानांची खालची बाजू तपासून काही आठवडे ते वेगळेच ठेवा.