डायरेक्ट इंजेक्शन इंजिनातील कार्बनचा थर: तपासणी, सफाई आणि निगा

पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, असतो, त्यामुळे पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि पेट्रोलमधील डिटर्जंटमुळे व्हॉल्व्ह चालता चालता धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल शंभर-दोनशे बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि व्हॉल्व्हवरून फक्त हवा जाते. ही हवा स्वच्छ नसते. क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळच्या, ऑइल असलेल्या भागातील) ऑइलची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे, म्हणजे ती वाफ इनटेककडे परत नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून, तिच्यात मिसळते, ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनांत काजळीची भर पडते, आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर हे सारे भाजून घट्ट बसते. हाच कार्बनचा थर.

म्हणूनच टाकीत ओतायच्या क्लीनरकडून हा थर काढण्याची अपेक्षा ठेवू नये. पॉलिईथरअमाइन हे डिटर्जंट असलेला चांगला क्लीनर इंजेक्टरचे तोंड आणि ज्वलनकक्ष स्वच्छ ठेवतो, परंतु इनटेक व्हॉल्व्हपर्यंत तो पोहोचतच नाही. हे ठाऊक नसल्याने अनेकजण बाटलीमागून बाटली ओतत राहतात, याचे वाईट वाटते.

थंड इंजिन सुरू करताना थरथर, आयडलिंगला मिसिंग, पिकअप मंदावणे, चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर पी०३०० किंवा पी०३०१ यांसारखे मिसफायरचे (सिलिंडरमध्ये ज्वलन नीट न होण्याचे) कोड ही थर वाढल्याची लक्षणे आहेत. मात्र स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब झाली तरी हेच दिसते. त्यामुळे आधी मिसफायर होणाऱ्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोडही तिच्यासोबत सरकला, तर दोष कॉइलचा आहे. प्लगचीही अशीच अदलाबदल करावी. दोन्ही निर्दोष ठरले, तरच पुढे जावे.

पुढची पायरी प्रत्यक्ष पाहण्याची. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) उतरवून, किंवा वाट मिळत असेल तर न उतरवता, बोअरस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी, पोर्टमध्ये सोडावा. स्वच्छ व्हॉल्व्हचा दांडा तळाशी गुळगुळीत वळण घेत तबकडीला मिळतो. थर साचलेल्या व्हॉल्व्हवर ते वळण दिसतच नाही, तेथे पातेल्याच्या तळाशी करपून धरलेल्या थरासारखे काळे, खडबडीत उंचवटे असतात. पातळ, एकसारखा तेलकट काळेपणा असेल आणि इंजिन सुरळीत चालत असेल, तर माझ्या मते मॅनिफोल्ड खोलण्याची घाई करू नये.

जाड थरासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारण्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे, कारण हा चुरा कार्बन खरवडतो पण धातूला ओरखडे पाडत नाही. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते: ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, म्हणून प्रत्येक सिलिंडरसाठी क्रँकशाफ्ट फिरवून ते बंद झाल्याची खात्री करावी, बाकीचे पोर्ट झाकावेत आणि चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. जुळवणीच्या वेळी मॅनिफोल्डला नवे गॅस्केट लावावे. चालू इंजिनात फवारण्याचे स्प्रे कोवळ्या थरावर थोडेफार काम करतात. जुन्या, कडक थराचे मात्र तुकडे सुटून टर्बोचार्जर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा करू शकतात, त्यामुळे टर्बो गाडीत मी ते टाळतो.

थर पुन्हा लवकर साचू नये यासाठी उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल भरावे आणि ते वेळेवर बदलावे. गाडी रोज जेमतेम काही किलोमीटरच धावत असेल, तर ऑइल नीट तापत नाही, त्यात पेट्रोल व पाणी साठते आणि क्रँककेसमधून निघणारी वाफ वाढते. अशा गाडीचे ऑइल आणखी लवकर बदलावे. अधूनमधून लांब पल्ल्याची फेरी ऑइलसाठी हितकारक आहे, पण व्हॉल्व्हवर भाजून बसलेला थर वेगाने गाडी हाकून जळून जात नाही. अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह वेळीच बदलावा. ऑइल कॅच कॅन (वाफेतील ऑइल अडवून साठवणारा डबा) बसवला असेल, तर तो नियमित रिकामा करावा, आणि वॉरंटी शिल्लक असल्यास बसवण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

सफाईनंतर प्रत्येक व्हॉल्व्हचे छायाचित्र काढून त्यावर किलोमीटरचा आकडा नोंदवावा. पुढच्या तपासणीत तुलना त्याच्याशीच करायची आहे.