रात्री प्यालेल्या माणसाला सकाळी धुकं दिसायला लागलं तर काय करायचं

आधी कामाचं सांगतो. रात्री हातभट्टीची किंवा बिनलेबलची दारू प्यालेला माणूस दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय, पोटात कळ मारतीय, उलट्या होतायत आणि अंधुक दिसतंय म्हणाला, की ती "चढलेली" नाही, ही मिथेनॉलची (कारखान्यात वापरतात त्या विषारी अल्कोहोलची) विषबाधा आहे असंच धरायचं आणि लगेच १०८ ला फोन लावायचा, कोल्हापुरात असाल तर सरळ सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना, गाठायचं.

आमच्या गल्लीतल्या एका मामांचं असंच झालं. ऐन एप्रिल, सकाळचे नऊ, लख्ख ऊन, आणि मामा दारात बसून विचारतायत, "आज धुकं लई पडलंय काय रं?" चहाचा कप समोर ठेवला तर कान धरायला बोटं दोनदा हवेतच गेली. घरच्यांनी लिंबूसरबत दिलं आणि झोपवलं, मीपण तिथंच होतो आणि मलाही काही कळलं नाही. संध्याकाळी नेलं तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचला, नजर गेली. म्हणून हे लिहितोय.

आता असं का होतं ते बघा. गुळाच्या पाण्यात यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल (नेहमीच्या दारूतलं अल्कोहोल) आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, गुऱ्हाळात रात्रभर राहिलेल्या रसाला आंबूस वास येतो तो ह्याचीच सुरुवात. मिथेनॉल मुख्यतः फळांच्या पेक्टिनमधून येतं, गुळात पेक्टिन फारसं नसतं, म्हणजे नुसता गूळ आंबवून माणसं मारण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. मोठ्या दुर्घटना होतात त्या स्वस्तात कडक करायला कारखान्यातलं मिथेनॉल वरून मिसळल्यामुळं. २००४ ला विक्रोळीत ऐंशीच्या वर माणसं गेली, २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभराच्या वर.

मिथेनॉल पोटात गेलं की लगेच काही करत नाही, हीच खरी फसगत. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक ॲसिड, मुंगीच्या डंखात असतं तेच. हे ॲसिड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही आणि डोळ्याची नस पहिल्यांदा मार खाते. ह्याला बहुतेकदा १२ ते २४ तास लागतात, आणि सोबत इथेनॉल असेल तर अजून उशीर, कारण यकृत आधी इथेनॉलच्या मागं लागतं. शुद्ध मिथेनॉल १० मिली गेलं तरी नजर जाऊ शकते, ३० मिलीत जीव.

"पहिली धार (भट्टीतून सगळ्यात आधी गळणारी दारू) टाकून दिली की भ्या नाही" असं लई जण छातीठोक सांगतात. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला, त्यामुळं हे पटतंही, पण एकत्र मिसळलेली असली की ती अशी रांगेनं बाहेर येत नाहीत, मिथेनॉल शेवटपर्यंत थोडं थोडं येतच राहतं, आणि वरून मिसळलेल्याला तर धारेशी काही देणंघेणंच नाही. काडी लावून निळी ज्योत बघायची पद्धतपण बिनकामाची, दोन्ही निळसरच जळतात. वास किंवा चवीवरून वेगळं कळत नाही, घरात ओळखायचा काही मार्गच नाही.

आणि हे आपल्याकडंच असं नाही. अमेरिकेत १७९१ ला दारूवर कर बसला, १७९४ ला पेनसिल्व्हेनियात बंड झालं, लोक लपूनछपून गाळायला लागले, असल्या चोरट्या दारूला तिकडं मूनशाइन म्हणतात. १९२० ते १९३३ तिथं दारूबंदी होती तेव्हा कारखान्याच्या अल्कोहोलमध्ये कुणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानंच मिथेनॉल घालायचे, ते चोरून विकलं गेलं आणि माणसं मेली. आपल्याकडं १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दारूबंदीचा कायदाही त्याच सालचा. भट्ट्या काही विझल्या नाहीत, उसाच्या फडात आणि ओढ्याकाठी गेल्या.

तर नेताना एवढं सांभाळा. उलटी मुद्दाम काढायची नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, ताक नाही, लिंबू नाही. दवाखान्यात उतारा म्हणून इथेनॉल देतात हे खरं, पण ते रक्त तपासून, मोजून, म्हणून घरी "उतारा" म्हणून अजून पाजायची नाही. श्वास जोरजोरात चालत असेल तर रक्तात ॲसिड वाढलंय, तिथं बायकार्बोनेट (ॲसिड कमी करायला), फोमेपिझोल (मिथेनॉलवरचं औषध), डायलिसिस लागू शकतं.

डॉक्टरला खरं सांगा, किती वाजता घेतली, किती, कुठली. पोलीस केस होईल ह्या भीतीनं लोक "काहीतरी बाधलंय" म्हणतात आणि तिथंच दोन तास वाया जातात. उरलेली बाटली किंवा फुगा (दारूची प्लास्टिकची पिशवी) असेल तर सोबत न्या. आणि त्याच कॅनमधली अजून कोण कोण प्यालं ते विचारून प्रत्येकाच्या घरी फोन करा, अगदी ठणठणीत वाटत असले तरी त्यांनाही घेऊन या.