ब्रायरच्या पाइपची निगा
तंबाखू ओढण्याचा ब्रायर लाकडाचा पाइप पूर्ण थंड होईपर्यंत त्याची तोंडात धरायची नळी काढू नये, कारण गरम असताना ती जोराने फिरवल्यास सांध्यापाशी लाकडाला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर राख झाडावी आणि नळीतून पाइप-क्लीनर (मऊ तंतू गुंडाळलेली लवचीक तार) फिरवावा. पहिला तपकिरी, ओलसर होऊन बाहेर येतो, तेव्हा स्वच्छ निघेपर्यंत नवे वापरावेत. भूमध्य सागराच्या परिसरातील एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाजवळील गाठीचे हे लाकूड ओलावा शोषून घेते, म्हणून पाइपला किमान एक दिवस विश्रांती द्यावीच. आतील काजळीचा थर लाकडाला आचेपासून वाचवतो. तो सुमारे १ मिलिमीटरहून जाड झाल्यास रीमरने (हा थर उतरवण्याच्या अवजाराने) हलक्या हाताने उतरवावा, धारदार चाकूने मात्र कधीही खरवडू नये.