स्प्रिंग बूटमध्ये सेटिंगला टाइप द्या

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरच्या ॲपमध्ये मॉड्यूल वाढायला लागले की मला पहिली काळजी सेटिंग्जची वाटते. एकेक सेटिंग कोडमध्ये आणणारी, कोडभर विखुरलेली ‘व्हॅल्यू’ ॲनोटेशन्स (कोडवर लावायच्या खुणा) शोधत बसण्यापेक्षा दर मॉड्यूलला एक रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवणारा जावा क्लास) करा आणि त्यावर ‘कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीज’ हे ॲनोटेशन लावा, म्हणजे फाइलमधल्या सेटिंग्ज त्यात भरल्या जातात. सेटिंग्जच्या नावांचा प्रिफिक्स मॉड्यूलच्याच नावाचा. पेमेंटचा रेकॉर्ड ऑर्डर मॉड्यूलने वाचायचा नाही, हा आग्रह मी रिव्ह्यूत सोडत नाही.

टाइमआउट कधीही ‘इंट’ म्हणजे नुसता पूर्णांक म्हणून घेऊ नका. फाइलमध्ये नुसतं ३० असेल, तर ते सेकंद की मिलिसेकंद, हे रात्री अडीचला प्रॉडक्शन सावरणाऱ्याने कसं ओळखायचं? टाइप ‘ड्युरेशन’ (कालावधी) ठेवा आणि आकड्याला सेकंदाचा ‘एस’ जोडा. एकक गाळलंत तर स्प्रिंग बूट मिलिसेकंद धरतं. म्हणजे पापणी लवायच्या आत टाइमआउट! फाइलच्या आकारासाठी ‘डेटासाइझ’ हा टाइप आहे, तिथे नुसता आकडा म्हणजे बाइट.

सेटिंग्ज तपासल्या जाव्यात म्हणून रेकॉर्डवर ‘व्हॅलिडेटेड’, यूआरएलच्या फील्डवर ‘नॉटब्लँक’ (रिकामं चालणार नाही) लावा. त्यासाठी स्प्रिंग बूटचं ‘व्हॅलिडेशन स्टार्टर’ हे पॅकेज डिपेंडन्सीत हवंच. यूआरएल रिकामी राहिली तर ॲप सुरूच होत नाही, आणि तेच हवं. ग्राहकाचे पैसे अडकल्यावर कळण्यापेक्षा डिप्लॉय करताना कळलेलं कधीही बरं.

स्पेलिंगच्या चुका मात्र यातून निसटतात, कारण सेटिंगचं अनोळखी नाव मुकाट्याने सोडून दिलं जातं. त्यासाठी ‘कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीज’मध्येच ‘इग्नोर अननोन फील्ड्स’ फॉल्स करा. फाइलऐवजी सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेल्या सेटिंगच्या नावातली चूक त्यालाही सापडत नाही; म्हणून ज्याशिवाय चालणारच नाही अशा फील्डला डीफॉल्ट देऊ नका, ‘नॉटनल’ (किंमत हवीच) लावा.