उपग्रहातून उजनी मोजताय? या चुका टाळा

मध्यंतरी एका मुलाने कॉलेजच्या प्रकल्पासाठी उपग्रह चित्रांवरून केलेले उजनी धरणाच्या जलाशयाचे, म्हणजे यशवंतसागराचे, दोन नकाशे दाखवायला आणले. डावीकडे ऑक्टोबर २०२०, उजवीकडे मे २०२४ आणि वर लाल अक्षरांत ‘यशवंतसागर आटतोय’. मी म्हटलं, ‘बाळा, हेच मे २०१९ आणि ऑक्टोबर २०२० घेतले असतेस तर यशवंतसागर वाढतोय असं लिहिलं असतंस ना?’ पोरगं हसलं, पण नकाशा मागे घेतला.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उजनीत दरवर्षी पावसाळ्यात पाणी येतं आणि दरवर्षी ते उपसलं जातं. वर्षांची तुलना करायची तर महिना एकच हवा. ऑक्टोबरअखेर आणि मेचा पहिला पंधरवडा असे दोन मुक्काम ठरवा आणि दरवर्षी तिथेच थांबा. वर्षभराच्या चित्रांचा मध्यक, म्हणजे प्रत्येक ठिकाणची मधली किंमत, काढून एकच नकाशा करायचा मोह होतो, कारण ढग आपोआप जातात. पण त्यातून उमटणारा काठ वर्षातल्या कुठल्या दिवसाचा, ते कुणालाच सांगता येत नाही.

पावसाचे आकडे जोडतानाही फसगत होते. सोलापूर शहराचा पाऊस आणि उजनीचं पाणी यांचा आलेख मांडला की मेळ बसत नाही, कारण उजनी ज्या नदीवर आहे त्या भीमेला पाणी येतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरून. इकडे टिपूस नसतानाही धरण भरू लागतं.

पेपरातली टक्केवारी हा वेगळाच घोळ. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. टक्के मोजतात ते उरलेल्या ५३ टीएमसीवर. म्हणून ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी आली त्या दिवशीही चित्रात भलामोठा जलाशय दिसतो. तुमचं गणित चुकलेलं नसतं. तुलना टक्क्यांशी न करता पाणीपातळीच्या मीटरमधल्या नोंदीशी करा.

पाणी ओळखायला बहुतेक जण एनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक लावतात. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळा मोजतो, त्याला पट्टा म्हणतात; अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश. हिरव्या पट्ट्यातून जवळचा अवरक्त वजा करायचा, बेरजेने भागायचं आणि शून्याच्या वर ते पाणी. स्वच्छ पाण्यावर हे छान चालतं. पण उन्हाळ्यात शेवाळाने हिरवंगार झालेलं पाणी जवळचं अवरक्त परत फेकतं आणि निर्देशांक शून्याखाली घसरतो. जलाशयाच्या मधोमध भोकं पडली तर आधी हाच संशय घ्या. जवळच्या अवरक्ताऐवजी लघुलहरी अवरक्त वापरणारा एमएनडीडब्ल्यूआय इथे बरा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या त्या पट्ट्यात मात्र चित्राचा एक ठिपका २० मीटरचा आहे, १० चा नव्हे. सोलापुरातल्या कंबर तलावाएवढ्या तळ्यासाठी हा फरक लहान नाही.

उलटा धोका आपल्या काळ्या रानाचा. मंगळवेढ्याकडे रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर रानं मोकळी ठेवतात. सप्टेंबरात भिजलेली ती जमीन सगळ्याच पट्ट्यांत इतकी काळपट दिसते की तिचे आकडे पाण्याच्या जवळ सरकतात. शंका असेल तर त्याच जागेचं डिसेंबरचं चित्र उघडा. रान असेल तर ज्वारीने हिरवं झालेलं असेल.

आता माझीच फजिती. करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला एप्रिलच्या चित्रात काठालगत दाट हिरवा पट्टा दिसला. मी नोंद केली, ‘पाणवनस्पतींची वाढ’. जागेवर गेलो तर तिथे कमरेइतका मका! पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, हे सोलापूरकर असून मला सुचलं नव्हतं. होडीजवळ जाळं सारखं करणाऱ्या एका काकांना नकाशा दाखवला. ते बोट ठेवून म्हणाले, ‘सर, हितं पानी न्हाई, नुसता चिखल हाय. रोहित येत्यात ते हितंच.’ रोहित म्हणजे फ्लेमिंगो. पलीकडे पाय टाकला तर घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. मी त्या पट्ट्याला निळा रंग दिला होता.

तेव्हापासून एक खूण पाळतो. पाच-दहा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं वर-खाली ठेवायची. जलपर्णीचं ठिगळ वाऱ्याने सरकलेलं असतं, मका जागचा हलत नाही. आणि चिखलाला स्वतंत्र वर्ग द्यायचा. उथळ चिखलावर पोट भरणाऱ्या पक्ष्यांसाठी तुडुंब धरण म्हणजे बंद खानावळ, तेव्हा ‘पाणी जास्त म्हणजे पाणथळ चांगली’ हे समीकरण इथे लागू करू नका.

काही चुका मात्र निव्वळ संगणकातल्या. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. समजा पाण्याचे आकडे हिरव्यात ६०० आणि अवरक्तात २०० आहेत, तर निर्देशांक ०.५ येतो. दोन्हीकडे हजार वाढले की तोच ०.१४ होतो. तुम्ही मर्यादा ०.२ ठेवली असेल तर २०२२ पासून अख्खा तलाव गायब! गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संच घेतला की हा प्रश्न उरत नाही.

क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, मोजलंत तर आपल्या अक्षांशावर ते साधारण १० टक्के फुगतं. त्याऐवजी यूटीएम प्रक्षेपणाचा विभाग ४३ उत्तर घ्या. अमेरिकेच्या लँडसॅट-७ उपग्रहाच्या ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत काळे पट्टे असतात, त्यांना कोरडी जमीन समजून मोजू नका. ढगांमुळे रडारकडे, म्हणजे सेंटिनेल-१ कडे वळलात, तरी जून-जुलैचं वारं लक्षात ठेवा. लाटा उठल्या की काळं दिसायला हवं ते पाणी उजळतं आणि जमिनीत मिसळून जातं.

काठावर खुणा घ्यायला जाल तेव्हा उपग्रह जाण्याचा दिवस पाहून जा. सेंटिनेल-२ सकाळी अकराच्या सुमारास वरून जातो. चारही बाजूंनी निदान ३० मीटर एकसारखी असेल अशी जागा निवडा, कारण मोबाइलचा जीपीएस सहज पाच-दहा मीटर हुकतो. आणि गाळावर पाय टाकण्याआधी काठावरच्या कुणाला तरी विचारा.