जुन्या गाडीचा काउल आतून सडतो तो असा: या चुका टाळा

पावसाळ्यात जुन्या गाडीत पायाशी पाणी साचलं की बहुतेक जण पुढच्या काचेच्या रबराला दोष देतात. रबर बदलतात, काच काढून पुन्हा बसवतात, आणि पुढच्याच सरीला कार्पेट परत ओलं. पाणी खरं अनेकदा येत असतं वायपरजवळच्या जाळीतून. त्या जाळीखाली पत्र्याची आडवी पन्हळ असते, तिला काउल म्हणतात. ब्लोअरला, म्हणजे गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्याला, हवा देणारं भोक तिच्यातच असतं आणि त्याभोवती उभी कड असते. पावसाचं पाणी त्या कडेखालून दोन्ही टोकांना वाहतं आणि मडगार्डच्या आतून, पुढच्या चाकांमागे खाली पडतं. रचना उत्तम आहे, फक्त वाट मोकळी हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाट मोकळी न करता पाणी ‘बंद’ करायला जाणं. मालकाच्या वडिलांच्या हातची, 1980च्या दशकातली एक मारुती 800 माझ्याकडे आली होती. तक्रार एकच, डाव्या सीटच्या पायाशी पाणी. आधीच्या गॅरेजात कोणीतरी मडगार्डच्या आतून थेंब पडताना पाहिले आणि तिथेच सिलिकॉन भरून टाकलं. म्हणजे पाणी बाहेर पडायची जी एकमेव वाट उरली होती, तीच बुजवली. मग काउलमध्ये पाणी कडेपर्यंत चढायचं आणि ब्लोअरमधून आत उतरायचं. वर फ्लोअरवर डांबरी शीट चिकटवून दिली होती, तीही ओल्या पत्र्यावर. मी शीटची एक कड उचलली तर गंजाचे पापुद्रे तिच्यासोबतच वर आले, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक जरा दाबल्यावर खाली जमीन दिसली. मालक म्हणाले, “दादा, एवढा पावसाळा काढून द्या, मग बघू.” मी नाही म्हटलं. त्या फ्लोअरवर सीटचे बोल्ट असतात, माणूस त्यावर बसतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. टोकं वेळेवर साफ झाली असती तर हे काम निघालंच नसतं.

काउलमधून काय निघालं? काळी माती, आणि तिच्यात मूळ धरलेलं पिंपळाचं रोपटं. गाडी गुलमोहराखाली उभी असायची. गुलमोहर, चिंच यांची बारीक पानं जाळीत अडकत नाहीत, सरळ आत जातात आणि कुजून माती होते. पाऊस थांबला तरी ती माती कित्येक दिवस ओली राहते. ओल्या थराखाली हवा कमी पोचते, आणि नेमका तिथलाच पत्रा आधी खाल्ला जातो. त्यात दोन पत्र्यांच्या जोडात रंग नीट पोचलेला नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून जोड आतून फुगतो, जोडावरचा सीलर (फट बुजवणारा लेप) तडकतो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. अमेरिकेत 1965 ते 1968च्या फोर्ड मस्टँग बाळगणारे याच दुखण्याने हैराण असतात. तिथे हवेच्या भोकांच्या कडाच सडतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) ड्रिल करून वरचा पत्रा उतरवावा लागतो.

दुसरी चूक प्रेशर वॉशरची, आणि ती पाहिली की मला खरंच राग येतो. जाळीवर नोझल धरून फवारा मारायचा, वरून जाळी चकचकीत दिसते, माणूस खूश. आतली माती मात्र दोन्ही टोकांना जाऊन घट्ट बसते आणि उरलेलं पाणी ब्लोअरमध्ये. माझी पद्धत हळू आहे, पण मी ती सोडत नाही. आधी माती वाळू द्यायची. मग जाळी काढून व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून कोरडंच ओढून घ्यायचं. टोकं खालून उघडायची, सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घालून फिरवायची. सगळं निघाल्यावरच मगाने हळूहळू पाणी. काच कोरडी ठेवायची, कार्पेट काढून फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरायचं आणि टॉर्च घेऊन एकाला आत बसवायचं. काच कोरडी असूनही कागद भिजला, तर काचेच्या रबराला सोडा. दोन्ही चाकांमागून पाणी सारखं पडतंय का तेही पाहा. एक बाजू रेंगाळत असेल तर तिथे अजून माती आहे.

आता बाकीच्या चुका.

गंजावर थेट रंग मारू नका. सुटे पापुद्रे निघेपर्यंत घासा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज स्थिर करणारं रसायन) लावा, तो पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. पत्रा आरपार गेला असेल तर कन्व्हर्टर काही करू शकत नाही, लांबी (पुट्टी) भरून तर मुळीच नाही.

कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) पूर्ण कोरड्या काउलमध्येच मारा. मारून झाल्यावर टोकांची भोकं केबलने पुन्हा मोकळी करा, नाहीतर वॅक्सच बूच होतं.

जाळीखाली नायलॉनची बारीक जाळी लावणं चांगलं, पण ती दर आठवड्याला काढून धुणार असाल तरच. लावून विसरलात तर पानांचा थर तिच्यावर बसतो आणि हवाही बंद होते.

प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही. कोकणात खारी हवा असते, तिथे तर हवा खेळणारं कापडी कव्हरच घ्या आणि कोरडा दिवस मिळाला की ते काढून बॉनेट उघडा ठेवा.

आणि गाडी एका कुशीवर कललेली उभी करत असाल तर खालच्या बाजूचं टोक आधी तपासा. सगळं पाणी तिकडूनच जाणार असतं.